प्रतिकाराची मर्यादा

जबलपूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षातच एक गोष्ट उमगते. कचेरीत त्याच्याकडे कोणतेही काम असो, घरी मात्र एक खाते त्याच्याकडे आपोआप आणि कायमचे येते. ते म्हणजे पाहुण्यांना भेडाघाट दाखवण्याचे. पुण्याहून, साताऱ्याहून, नागपूरहून जो कोणी येतो तो पहिला चहा घेता घेताच विचारतो, "ते संगमरवरी खडक इथून किती लांब?" मग रविवारी सकाळी सगळा लवाजमा निघतो. धुआंधारचा प्रपात, टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे देऊळ, पंचवटी घाटावरची नाव, आणि उन्हे कलताना परत. सहा वर्षांत मी ही फेरी इतक्या वेळा केली आहे की नावाड्यांची यमके मला तोंडपाठ झाली आहेत, आणि ते हशाची वाट पाहत कोठे थांबणार हेही ठाऊक झाले आहे.

गेल्या कार्तिकातली फेरी मात्र निराळी होती. त्या वेळी मी एक प्रश्न बरोबर घेऊन गेलो होतो. आपल्या आत शिरून बसलेल्या आणि सहजासहजी न निघणाऱ्या अनिष्टाशी माणसाने कसे वागावे? त्याच्याशी प्राणपणाने लढावे, ते निमूट सोसावे, की ह्या दोहोंहून वेगळे काही करावे? धर्मग्रंथांनी आणि तत्त्वज्ञांनी ह्याची उत्तरे आपापल्या परीने दिलेली आहेत. मला जे उत्तर सापडले ते मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तातून निघाले, आणि म्हणूनच ते वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम प्रश्न कोठून आला ते सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी कचेरीतल्या चौघांबरोबर मीही रक्तदान केले. पुढे काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. दान केलेल्या प्रत्येक रक्ताची काही ठराविक रोगांसाठी तपासणी करावीच लागते, आणि त्या तपासणीत माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी ह्या काविळीच्या विषाणूचा अंश सापडला होता. मला जन्मात कधी कावीळ झाल्याचे आठवत नव्हते. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की माझे यकृत उत्तम स्थितीत आहे, औषधाची आज गरज नाही, दर सहा महिन्यांनी रक्त तपासावे आणि दारूला शिवू नये. पत्नीचे रक्त निर्मळ निघाले व तिने लस घेतली. मुलीला जन्मल्याबरोबरच लस टोचलेली होती. एवढ्यावर गोष्ट मिटायला हरकत नव्हती. परंतु निरोप देताना डॉक्टर सहज म्हणाले, "हे बहुधा जन्मापासूनचं असावं."

त्या शब्दाचा अर्थ मी घरी येऊन वाचला. हा विषाणू प्रौढ माणसाच्या शरीरात शिरला तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसे काही महिन्यांत त्याला हुसकून लावतात. तान्ह्या मुलाला तो आईकडून जन्माच्या वेळी मिळाला तर मात्र दहांपैकी नऊ मुलांत तो आयुष्यभराचा बिऱ्हाडकरू होतो. जन्मापासून चोवीस तासांच्या आत लस दिली, आणि जोडीला तयार प्रतिपिंडे टोचली, तर बहुतेक मुले वाचतात. लस १९८२ पासून जगात होती. पण भारतातल्या सर्व राज्यांच्या सरकारी लसीकरणात ती येण्यास २०११ साल उजाडले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी जन्मलो तेव्हा हे नावही कोणी ऐकलेले नव्हते. म्हणजे दोष कोणाचाच नव्हता. तरीही "आईकडून" हा शब्द माझ्या मनात जो रुतला तो रुतलाच.

आईला मी काही सांगितले नाही. तिला उगाच अपराधी का वाटू द्यायचे, असे मी स्वतःला समजावले. कचेरीत एका सहकाऱ्याला मात्र विश्वासात घेऊन सांगितले. आठवड्याभरात माझा चहाचा कप वेगळा झाला. हा रोग कपाने, ताटाने, शेजारी बसण्याने पसरत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी कोणाला एक शब्द बोललो नाही. भांडलो नाही, तक्रार केली नाही, आणि विसरलोही नाही. रोज अकरा वाजता तो निळ्या काठाचा कप समोर येई आणि रोज मनात काहीतरी किंचित साठे. एके दिवशी मुलीच्या हातून दूध सांडले म्हणून मी तिच्यावर असा खेकसलो की ती घाबरून आईच्या मागे लपली. दुखावणारा कप कचेरीत होता आणि राग निघत होता घरी.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ आईला घेऊन जबलपूरला आला. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो पुण्यात एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या शंभरावर पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपण्यासारख्या नव्हत्या. ती, माझी पत्नी आणि मुलगी खाली संगमरवरी मूर्तींच्या दुकानांपाशी थांबल्या, आणि आम्ही दोघे वर गेलो. कलचुरी राजांच्या काळचे ते वर्तुळाकार आवार. नाव चौसष्टांचे असले तरी कोनाडे त्याहून अधिक आहेत, आणि त्यांत बसलेल्या योगिनींपैकी बहुतेकींचे हात, नाक, मुख फोडलेले. त्या भंगलेल्या मूर्तींच्या सावलीत बसून मी दादाला सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुला उंदरांची गोष्ट सांगतो." त्याने सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळलेले असे दोन्ही एकत्र करून पुढे देतो.

घरातल्या साध्या उंदरात एक विषाणू राहतो. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास तो प्रथम हाती लागला. पुढे प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत एरिक ट्राउब ह्या शास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हा विषाणू वाढलेल्या उंदराच्या मेंदूत टोचला, तर तो उंदीर आठवड्या-सव्वा आठवड्यात झटके येऊन मरतो. परंतु तोच विषाणू आईच्या पोटात असताना मिळाला, तर पिल्लू जन्मते, वाढते, प्रजा निर्माण करते, आणि त्याच्या रक्तात, यकृतात, मेंदूत विषाणू आयुष्यभर खच्चून भरलेला असतो. विषाणू एकच, पण एकाला मृत्यू आणि दुसऱ्याला वरकरणी काहीच नाही.

पहिला उंदीर कशाने मरतो? विषाणूने, असे कोणीही म्हणेल. १९५० नंतरच्या दशकात असे आढळले की विषाणू टोचण्याआधी क्ष-किरणांनी उंदराची प्रतिकारशक्ती खच्ची केली तर तो मरत नाही. विषाणू तेवढाच वाढतो, किंबहुना अधिकच वाढतो, आणि उंदीर जगतो! म्हणजे मारणारा विषाणू नव्हताच. विषाणू ज्या पेशींत बसला होता त्या पेशींवर शरीराचेच शिपाई तुटून पडत होते, आणि त्या पेशी मेंदूच्या होत्या. ह्या शिपाई पेशी शत्रूने व्यापलेली स्वकीय पेशी नेमकी कशी ओळखतात, हे ह्याच विषाणूच्या आणि उंदरांच्या साहाय्याने ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल ह्यांनी १९७४ साली दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या उंदराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला तीच अधिक जवळची वाटली. मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर ह्यांनी १९४९ साली असा विचार मांडला की गर्भावस्थेतच जे भेटते त्याला शरीर परके मानीत नाही, आपलेच मानते. आणि ट्राउबचे उंदीर हे त्याचे उदाहरण. बर्नेटना पुढे १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा सिद्धांत सर्वमान्य झाला. ह्या उंदरांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडत नसत, ह्यावरूनही तो पटण्यासारखा होता. वैर नाही म्हणून युद्ध नाही. किती समाधानकारक चित्र!

ते चित्र पुरते खरे नव्हते. कॅलिफोर्नियात मायकेल ओल्डस्टोन आणि फ्रँक डिक्सन ह्यांनी १९६७ नंतरच्या काही वर्षांत असे दाखवले की हे शांत दिसणारे उंदीर जन्मभर प्रतिपिंडे तयार करीत असतात. ती रक्तात मोकळी सापडत नव्हती, कारण तयार होताच ती विषाणूला जाऊन चिकटत होती. विषाणू अपार आणि प्रतिपिंडे थोडी, म्हणून ती विषाणूचा नायनाट करू शकत नव्हती. आणि विषाणूचा पिच्छाही सोडत नव्हती. विषाणू आणि प्रतिपिंड ह्यांची ही जोडगोळी रक्ताबरोबर फिरत फिरत मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकून बसे. वर्ष-दीड वर्षाच्या वयात, म्हणजे उंदराच्या हिशेबाने उतारवयात, ती मूत्रपिंडे झिजून निकामी होत. सगळ्या जातींच्या उंदरांत हे सारख्या प्रमाणात घडत नसे; ज्यांच्यात ह्या जोडगोळ्यांचा साठा अधिक त्यांचा आजार अधिक. उंदरांच्याच आणखी एका चिवट विषाणूबाबत १९६६ साली असेही आढळले होते की प्रतिपिंड चिकटलेले असतानाही विषाणू पुढच्या पेशीला लागण करू शकतो. हात धरलेला आहे, पण त्या हाताचे काम बंद पडलेले नाही!

आपल्याकडेही ह्या वाटेवर काम झाले आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात १९८० नंतरच्या दशकात जपानी मेंदूज्वराचा विषाणू उंदरांत अभ्यासला गेला. बरी झालेली मादी वरून निरोगी दिसते, विषाणू तिच्यात दडून राहतो, आणि ती पुन्हा गाभण राहिली की तो जागा होऊन पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो, असे तेथे दिसले. दादाने हे सांगितले तेव्हा माझी नजर नकळत खाली दुकानांकडे गेली. आई मुलीला संगमरवराचा छोटा गणपती दाखवीत होती. त्याच्या पायांशी उंदीर होता.

ह्यानंतर दादाने तिसरा उंदीर सांगितला. सिंडबिस हा इजिप्तमधल्या एका खेड्याच्या नावाचा, डासांनी पसरणारा विषाणू आहे. तो उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींत शिरतो. अमेरिकेत बेथ लेव्हिन, डायान ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ज्यांना स्वतःची प्रतिकारशक्ती जन्मतःच नाही असे उंदीर घेतले. त्यांच्या मेंदूत हा विषाणू कायमचा घर करून राहिला. मग त्यांना बाहेरून केवळ प्रतिपिंडे टोचली. शिपाई पेशी दिल्या नाहीत. चेतापेशींतून विषाणू नाहीसा झाला, आणि चेतापेशी जिवंत राहिल्या. १९९१ साली हे प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडाने पेशीच्या पृष्ठभागावरची विषाणूची खूण नेमकी धरली आणि आत चाललेली विषाणूची वाढ थांबवली. पेशीला मारण्याची गरज पडली नाही. मात्र पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. विषाणू गेला तरी त्याचे काही अवशेष वर्षभरानंतरही मेंदूत सापडतात, आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या काही पेशीही मेंदूत तितकाच काळ मुक्काम ठोकून राहतात. विजय झाला, पण पहारा उठला नाही.

हे ऐकून झाल्यावर मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे मी दुसरा उंदीर!" दादा हसला नाही. "उंदरापासून नीती शिकू नकोस," तो म्हणाला. "उंदरानं काहीच ठरवलेलं नसतं. आणि निसर्गात जे घडतं ते चांगलंच असतं असं तुला कोणी सांगितलं?"

हा आक्षेप मी आजवर मनात घोळवीत आहे, आणि तो खराच आहे. जे घडते त्यातून जे घडावे ते निघत नाही. मांजर उंदराला खाते म्हणून बलवंताने दुर्बलाला खावे असे कोणी म्हणेल तर आपण त्याला मूर्खात काढू. प्रतिपिंडाला क्षमा ठाऊक नाही आणि सूडही ठाऊक नाही. तथापि निसर्ग गुरू नसला तरी साक्षीदार होऊ शकतो. माणसाच्या आयुष्यात कृती आणि परिणाम ह्यांच्यामध्ये इतक्या गोष्टी येतात की कशामुळे काय झाले हे ओळखता येत नाही. माझा कपाचा राग मुलीवर निघाला हे मला वर्षभर कळले नव्हते. उंदराच्या मूत्रपिंडात तो संबंध उघडा दिसतो. अमुक रीतीने वागले असता काय साठते आणि ते कोठे जाऊन बसते, एवढे साक्षीदार सांगतो. काय राखायचे आणि काय सोडायचे हा निवाडा मात्र माणसाने स्वतःच करायचा असतो.

तेव्हा साक्ष काय आहे? पहिल्या उंदराने चोर हाकलण्यासाठी घराला आग लावली. असे माणसांतही पुष्कळ घडते. वाटणीच्या एका बांधावरून चाललेल्या खटल्यात अख्खी शेती विकलेली कुटुंबे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. रोगापेक्षा औषध जालीम, अशी आपल्या भाषेत म्हणच आहे. दुसऱ्या उंदराचा प्रकार आपल्यासारख्या नोकरदारांना अधिक ओळखीचा वाटेल. आपण सहसा आग लावीत नाही. वरिष्ठाचा अन्याय, सहकाऱ्याचा कमीपणा, लांबलेली बढती, नको असलेली बदली, ह्या सगळ्यांना आपण थोडे थोडे धरून ठेवतो. विरोध करण्याइतके बळ लावीत नाही, आणि सोडूनही देत नाही. त्याला आपण सहनशीलता म्हणतो, संयम म्हणतो. वस्तुतः ती सहनशीलता नसते. बर्नेटच्या सिद्धांताला ते उंदीर जसे शांत भासले, तसेच आपण लोकांना शांत भासतो, कारण आपला विरोध मोकळा दिसत नाही. तो सगळा आतल्या आत खर्ची पडत असतो. आणि गाळ तर कोठेतरी बसणारच. बहुधा तो घरी बसतो, जेथे आपल्या बाजूने सर्वांत अधिक गाळण्या उघड्या असतात.

येथे कोणी म्हणेल की मग सोडून द्यावे हेच तात्पर्य. अन्याय दिसला तरी तो आपलाच मानून घ्यावा. हे मला मान्य नाही. परमुलखात राहणाऱ्याला "जुळवून घ्या" हा उपदेश फार स्वस्तात मिळतो, आणि तो पुष्कळदा भित्रेपणाचे सभ्य नाव असतो. तिसरा उंदीर शरणागतीचा दाखला नाही. त्याच्या मेंदूतून विषाणू खरोखर गेला. फरक एवढाच की तेथे विषाणूवर चाल झाली आणि पेशी वाचली.

पण मग सर्वत्र तसेच का करू नये? पहिल्या उंदराचे शिपाई काय निव्वळ दुष्ट आहेत? ह्यावर दादाने जे सांगितले त्यात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. तो म्हणाला की यकृताचा विचार कर. यकृताच्या पेशी मेल्या तर नव्या येतात. प्रौढ माणसाला हा काविळीचा विषाणू लागला म्हणजे त्याचे शिपाई यकृतातल्या बाधित पेशी मारतात. माणूस काही आठवडे पिवळा पडतो, अंथरुणाला खिळतो, आणि बहुधा कायमचा बरा होतो. तेवढे नुकसान यकृताला परवडते. चेतापेशीचे तसे नाही. ती एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येईल असा भरवसा धरता येत नाही. म्हणून तेथे मारून बरे करणे हे बरे करणेच नव्हे.

म्हणजे प्रतिकार किती आणि कसा करावा हे केवळ शत्रूच्या बळावरून ठरत नाही. तो जेथे बसला आहे ती जागा पुन्हा भरून येणारी आहे की नाही, ह्यावरून ते ठरते. आपण बहुतेक उलट करतो. शत्रू किती वाईट आहे ह्याचा हिशेब मांडत बसतो, आणि ज्या जागेत तो शिरला आहे ती किती नाजूक आहे हे पाहत नाही. कचेरीतला संबंध यकृतासारखा आहे. दोन शब्द झाले, आठवडाभर अबोला झाला, तरी पुन्हा मांस भरते. तेथे मी उघड बोलायला हवे होते, आणि तेथेच मी गप्प राहिलो. आईशी असलेला संबंध भरून येणाऱ्यांतला नाही. तेथे तर मी न उच्चारलेला एक आरोप तीन वर्षे जपून ठेवला होता.

हो, आरोपच. योगिनींच्या त्या आवारात दादाने मला सरळ विचारले, "मावशीला तू सांगितलं नाहीस ते तिला दुखवू नये म्हणून, की तिनं तुला हे दिलं असं तुला वाटतं म्हणून?" मी उत्तर देऊ शकलो नाही. तो पुढे म्हणाला, "तुला जन्मापासून असेल तर तिलाही असणार. तिचं वय पासष्ट. तिच्या यकृताकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही. तुझ्या गप्प बसण्यानं तिचं काय होतंय ह्याचा विचार केलास?"

ज्याला मी मातृभक्ती समजत होतो त्याच्या तळाशी काय होते ते मला त्या क्षणी दिसले. सांगितले तर दोष दिल्यासारखे होईल, असे मी म्हणत होतो. कारण माझ्या मनात सांगणे आणि दोष देणे ही एकमेकांना चिकटून गेली होती. ती वेगळी करता येतात हे मला सुचलेच नव्हते. रोगाची खूण नेमकी धरायची आणि माणसाला धक्का लावायचा नाही, हे त्या तिसऱ्या उंदरातल्या प्रतिपिंडाचे काम. तेच मला करायचे होते.

आम्ही खाली उतरलो. नावेतून खडकांची फेरी झाली. धुआंधारला जी नर्मदा धूर होऊन कोसळते, तीच त्या शंभर फुटी पांढऱ्या कड्यांमधून आवाज न करता वाहते. तो कडा तिनेच कापला आहे हे कोणाला सांगून पटणार नाही. बंदरकूदनीपाशी नावाड्याने आपले ठरलेले यमक म्हटले आणि आई मनापासून हसली. नंतर घाटावरच्या पायरीवर बसून ती मुलीला शिंगाडे सोलून देऊ लागली, तेव्हा मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितले. विषाणूचे नाव सांगितले, मला काय झाले आहे आणि काय झालेले नाही ते सांगितले, आणि तिचे रक्त तपासायला हवे हेही सांगितले. "कोणाकडून" हा शब्द मी उच्चारला नाही. तो तिने स्वतःच उच्चारला.

"माझ्याकडूनच आलं असणार की मग," ती म्हणाली. हातातला शिंगाडा तिने तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी आई पोटात पाणी होऊन गेली. तेव्हा मी बारा वर्षांची. कशानं झालं म्हणून कुणी विचारलं नाही. नशीब म्हणाले." आणि दादाकडे वळून म्हणाली, "तुझ्या आईलाही तपासून घे रे बाबा. आम्ही दोघी तिच्याच पोटच्या."

तीन वर्षे ज्या ओळीच्या वरच्या टोकाला मी आईला उभी केली होती, ती ओळ तिच्याही वर, मला न दिसणाऱ्या कोणा बाईपर्यंत, आणि कदाचित तिच्याही पलीकडे गेलेली होती. त्या ओळीत दोष देण्याजोगे कोणीच उभे नव्हते. खालच्या टोकाला मात्र माझी मुलगी शिंगाडे खात होती, आणि ती त्या ओळीत नव्हती. जन्मल्या दिवशीच तिला टोचलेल्या एका सुईने ती बाहेर काढली गेली होती.

आईची तपासणी जबलपूरलाच झाली. विषाणू निघाला, आणि यकृतावर थोडे वणही निघाले. रोज एक गोळी घ्यावी लागते. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. डॉक्टरांच्या मते वेळेत कळले. आणखी तीन वर्षे मी माझी मातृभक्ती जपली असती तर काय झाले असते, हा विचार मला अजून रात्री कधी कधी जागे करतो.

सुट्टी संपल्यावर मी कचेरीत त्या सहकाऱ्यासमोर बसलो आणि कपाविषयी बोललो. आवाज थोडा चढला हे कबूल करतो. तोही चिडला, चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी तोच माझ्या टेबलाशी आला आणि त्याच्या मेव्हण्याच्या रक्ताच्या तपासणीचा कागद मला दाखवून हळूच काहीबाही विचारू लागला. निळ्या काठाचा कप अजून आहे. पण शिपाई आता तो ज्याच्या हाती येईल त्याला देतो. माझ्या मनातले अवशेष पुसले गेले असे मी म्हणणार नाही. अकरा वाजता अजून एखादे वेळी काहीतरी सळसळते. तेवढा पहारा आता कायमचाच, असे मी धरून चाललो आहे.

एक गोष्ट राहिली. घाटावरून उठताना आईने विचारले होते, "आणि त्या उंदरांचं पुढं काय झालं?" दादाने खरे ते सांगितले. प्रयोग संपला की बहुतेक मारले जातात. त्यांच्या मूत्रपिंडांचे आणि मेंदूचे काप घेतल्यावाचून हे काहीच कळले नसते. प्राण्यांना विनाकारण यातना देऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९६० पासून कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, हेही त्याने सांगितले. आईने ऐकून घेतले. ज्या माउलीने जन्मभर धान्याच्या कणगीजवळ सापळे लावले तिला उंदरांचा कळवळा असण्याचे कारण नव्हते. तरी ती म्हणाली, "मग आपण त्यांचं देणं लागतो."

हे देणे कसे फेडायचे ते मला ठाऊक नाही. त्यांच्या मरणातून जे कळले ते वाया जाऊ न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आईची पुढची तपासणी चैत्रात आहे. ती म्हणते, तपासणी झाल्यावर पुन्हा भेडाघाटला जाऊ. खडक तिने नीट पाहिलेच नाहीत.